कॅरिअरवरचं स्वयंपाकघर

गेल्या आठवड्यात माझ्या नातीनं, ऋजुतानं, माझा पलंग बळकावला. सायकलवरून गोव्याला जायचं म्हणून तिनं सगळं सामान पलंगावर मांडलं होतं आणि स्वयंपाकघरातला माझा वजनकाटा पळवून एकेक वस्तू त्याच्यावर ठेवून बघत होती. जाकीट, टॉर्च, पंक्चरचं सामान, मोबाईलचं काय काय. दात घासायच्या ब्रशचा दांडा तिनं अर्धा कापून टाकला होता. म्हणाली, "तेवढंच वजन कमी, आजी." मी म्हटलं, "मग दातही अर्धेच ने." ती हसली नाही. सामान भरणाऱ्या माणसाला सामानावरचे विनोद कळत नाहीत, हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण त्या वयात मलाही कळले नव्हते. फरक एवढाच, की ती दांडा कापत होती आणि मी माझ्या सायकलला पोळपाट बांधला होता.

शाहूपुरीत आमचं घर गुळाच्या दुकानाच्या वर होतं. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानात हमालांचा गलका आणि गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, एकमेकांवर पडल्याचा धप्प धप्प आवाज, आणि नाकात तो गोड, थोडा करपट वास. आम्ही जैन, म्हणजे मुंगी मारायची नाही, आणि धंदा गुळाचा. त्यामुळं घरातलं कुणी ना कुणी कायम मऊ कुंचा घेऊन मुंग्यांची समजूत काढत बसलेलं असायचं. कांदा, लसूण, बटाटा घरात येत नसे. पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नसे. आणि दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. संध्याकाळी अव्वा जिन्यात उभी राहून हाक मारायची, तेव्हा अण्णा गिऱ्हाइकाला तसंच सोडून वर यायचे. आईला आम्ही अव्वा म्हणायचो आणि वडिलांना अण्णा. अव्वा निपाणीकडची. ज्वारीची पातळ भाकरी, तुरीची आमटी, शेंगाची बिनलसणाची चटणी आणि वर गुळाचा खडा. सूर्य कौलांच्या मागं गेला की ताटं धुऊन पालथी. त्यानंतर भूक लागली तर ती आपली आपण सांभाळायची.

या घरात आणखी एक बाई होती, आक्का. अण्णांची थोरली बहीण, लवकर विधवा झालेली. तिनं परिग्रहाचं परिमाण घेतलं होतं, म्हणजे आपल्याजवळ किती वस्तू असाव्यात याची मर्यादा बांधून घेतली होती. चार लुगडी, एक ताट, एक तांब्या, एक चटई, असं काहीतरी. भाऊबीजेला पाचवं लुगडं आलं की पहिल्या चारांतलं एक त्याच दिवशी कुणाला तरी देऊन टाकायची. मला ते भयंकर वाटायचं. माझ्या एकट्या कप्प्यात रिबिनीच अकरा होत्या.

मी कॉलेजात पळायची, उड्या मारायची, खो-खो खेळायची, आणि ठरवून बसले होते की पुण्याला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात जायचं आणि मास्तरीण व्हायचं. फॉर्म आणून ठेवला होता. त्यावर अण्णांची सही हवी होती. अण्णा जयसिंगपूरच्या एका स्थळाची वाट बघत होते आणि माझा फॉर्म अडतीच्या कागदांखाली दाबून ठेवत होते. तेवढ्यात आमच्या जाधव मॅडमनी दिवाळीच्या सुट्टीत सहा मुलींची सायकल सहल काढली. आंबा घाटातून रत्नागिरी आणि परत. मी घरी सांगितलं तेव्हा अण्णा ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "जा की. कोण नको म्हणतंय? पन एक हाय. जाशील तशीच यायचं, पायडल मारत. तू एसटीत बसलीस असं कानावर आलं, तर फॉर्म चुलीत. तुजं सामान एसटीच्या टपावर दिसलं, तरी चुलीत. जिला आपलं वझं वडवत न्हाई, ती दुसऱ्याच्या पोरींस्नी काय शिकवणार?"

"आणि तशीच आले तर?"

"तर सही."

त्यांना खात्री होती मी घाटात रडेन. खरं सांगायचं तर आज तेव्हाच्या माझ्याकडं, त्या मुलीकडं बघताना मलाही तसंच वाटतं. पण तिनं तिथल्या तिथं मनाशी गाठ मारली, की मेले तरी एसटीत बसणार नाही.

आक्का एवढंच म्हणाली, "पाणी गाळून पी. आणि दिवस मावळायच्या आत खा." दोन गोष्टी. त्यांना लागतं काय? एक फडकं आणि दोन डोळे. पण मला दाखवायचं होतं, की मी सायकलही चालवते आणि घरचा नेमही घरातल्यापेक्षा कडक पाळते. बाहेरचं कुणाच्या हातचं खायचंच नाही, मी माझं रांधून खाणार! मग सामान सुरू झालं. वातीचा स्टो. स्टो आला म्हणून रॉकेलची बाटली. तवा, पातेलं, पोळपाट, लाटणं. ज्वारीचं पीठ, तांदूळ, तूरडाळ. लाडवांचा पितळी डबा. पाणी गाळून भरून ठेवायला अव्वाची तांब्याची कळशी. ती तिच्या माहेराहून आलेली, गळ्याशी तिचं नाव कोरलेलं. अंगाखाली सतरंजी, अंगावर वाकळ. रत्नागिरीत कुणी ओळखीचं भेटलं तर म्हणून एक रेशमी साडी. सहलीला सलवार घालून निघालेल्या मुलीला रत्नागिरीत रेशमी साडीत कोण बघणार होतं, हे विचारू नका. मी स्वतःला विचारलं नव्हतं.

आक्का येता-जाता बघायची आणि म्हणायची, "एक काढ." मी एकही काढलं नाही. शेवटी ती उंबऱ्यात थांबली. "अगं, मुनी महाराज कर्नाटकातनं चालत येत्यात, हातात मोरपिसांची पिंछी आन कमंडलू. तुज्याकडं तर सायकल हाय."

"महाराज भाकरी थापत नाहीत," मी म्हटलं. उत्तर बिनतोड होतं, असं मला फार दिवस वाटत होतं.

मॅडमचा एक नियम होता. निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येकीनं सामानासकट सायकल उचलून कॉलेजच्या पाच पायऱ्या चढायच्या. जिला जमणार नाही तिनं सामान कमी करायचं. मी काय केलं? वाकळीची वळकटी तेवढी कॅरिअरला बांधली, डौलात पायऱ्या चढले आणि मॅडमची शाबासकी घेतली. बाकीचं सगळं सामान पंचगंगेच्या पुलाजवळ माझ्या मैत्रिणीच्या, शकूच्या घरी ठेवलेलं होतं. शकू सहलीत होतीच. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या दारात आम्ही ते सुतळीनं बांधलं. शकू ओढून ओढून गाठी मारत होती आणि पुटपुटत होती, "नंदे, आगं लगीन करून नांदाय निघालीस व्हय? एवढं तर माज्या वैनीनं आनलं न्हवतं."

"तू बांध गं."

"बांधतो की. पर ह्यावर तू कुटं बसणार?"

पुलाच्या पलीकडं मॅडम थांबल्या होत्या. त्यांनी सायकल पाहिली, कळशी पाहिली, मला पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "सुनंदा, हे तू आणलंयस, तूच नेशील. बाकीच्यांनी हिच्या सामानाला हात लावायचा नाही. शकुंतला, तूसुद्धा." आणि सायकलवर टांग टाकून पुढं गेल्या.

आता त्या प्रवासाचं गणित सांगते. सामान जड, म्हणून मी हळू. केर्ली गेलं, बांबवडं आलं, बाकीच्या पाच जणी झाडाखाली बसून पेरू खातायत आणि मी अजून मागं, चढाला उतरून ढकलतेय, कळशी पातेल्यावर आपटून ठण्ण ठण्ण वाजतेय. रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पावणं, भांडी किती आण्याला?" दुपारी मी रांधायला बसले. वाऱ्यानं स्टो पेटेना. ओढणीचा आडोसा केला तर ओढणीच पेटायला आली. दोन भाकरी व्हायला दोन तास गेले. त्या दोन तासांमुळं आणखी उशीर. मलकापूरला पोचायच्या आधीच सूर्य डोंगराआड गेला, आणि सूर्य गेला म्हटल्यावर माझं तोंड बंद. शाळेच्या व्हरांड्यात बाकीच्या जणी पिठलं-भात खात होत्या, आणि मी लाडू, डाळ, तांदूळ, पीठ, तवा, स्टो असं सगळं स्वयंपाकघर भिंतीला टेकवून त्याच्याशेजारी उपाशी बसले होते. दुसऱ्या दिवशीही तेच. घाट उतरताना सायकल मला ओढायला लागली, ब्रेकची रबरं जळल्यासारखी वास मारायला लागली, म्हणून सबंध घाट मी सायकल धरून चालत उतरले. परत सूर्य माझ्या आधी गेला. नेम पाळण्यासाठी आणलेल्या सामानामुळंच मला दोन दिवस संध्याकाळचं जेवण मिळालं नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी डायरीत लिहिलं, "आज पुन्हा उपवास घडला." घडला म्हणे! ती डायरी अजून आहे. वाळवीनंसुद्धा लाजून सोडलेली दिसते.

रत्नागिरीत समुद्र बघितला असणार. मला आठवतो तो तिथल्या धर्मशाळेतला गार दगड, ज्याच्यावर मी पाठ टेकून पडून राहिले. साडी नेसले नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही साखरप्याच्या पुढं, घाटाच्या पायथ्याशी एका शाळेत उतरलो. सकाळी घाट चढायचा होता. उजाडताच मॅडम माझ्या सायकलजवळ आल्या, वळकटीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सुनंदा, आठ वाजता एसटी आहे. सामान टपावर टाकू, कोल्हापूर स्टँडवर मिळेल. नाहीतर तूच बस. घाटात मला तुला उचलून नेता येणार नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त रडू आलं. त्यांना अण्णांची अट ठाऊक नव्हती. शकूला होती.

मी तोंड धुतलं. मग सुतळी सोडायला घेतली.

शाळेसमोर एका बाईचं घर होतं. पार्वतीबाई नाव. आदल्या दिवशी तिनंच आम्हाला विहीर दाखवली होती. मी स्टो आणि रॉकेल तिच्या पडवीत नेऊन ठेवलं. मग तवा, पातेलं, पोळपाट, लाटणं. मग पीठ, तांदूळ, डाळ. मग सतरंजी, वाकळ. ती भांबावून दारात उभी. "अगो पोरी, हा काय करतंस? आमी काय मागितला तुझ्याकडं?"

"मावशी, ठेवून घ्या. मला घाट चढायचाय."

"परत न्यायला येशील मा?"

"नाही."

रेशमी साडी तिच्या हातात दिली तेव्हा तर ती एक पाऊल मागं सरकली. शकू मागून म्हणाली, "घ्या मावशी, हिचं डोस्कं फिरण्याआधी घ्या." कळशी मात्र मी दिली नाही. एवढ्याशा कळशीचं काय ओझं, असं म्हणून ती हँडलला लटकवली आणि आठ वाजायच्या आत सगळ्यांबरोबर निघाले. पहिल्या वळणापर्यंत ती माझ्या गुडघ्यावर आपटत राहिली, हँडल एका बाजूला खेचत राहिली. वळणावर मी उतरले. वर बघितलं तर घाट अजून सुरूही झाला नव्हता. मी सायकल झाडाला टेकवली, कळशी काखेत मारली आणि पळत खाली आले.

पार्वतीबाईनं कळशी हातात घेऊन गळ्याशी बोट फिरवलं. "हा नाव कुणाचा?"

"माझ्या आईचं."

"मग आईस काय सांगशील?"

याचं उत्तर द्यायच्या ऐवजी मी तिला पाणी गाळायचं कसं ते दाखवलं. फडकं दुहेरी धरायचं, सावकाश ओतायचं, आणि फडक्यावर जे राहील ते पाण्यानं हळूच धुऊन त्याच विहिरीत परत सोडायचं, दुसरीकडं टाकायचं नाही. त्यातले जीव तिथलेच असतात. ती लक्ष देऊन ऐकत होती. "म्हंजे त्यांस त्यांच्या घरी सोडायचा," ती म्हणाली. आक्कानं जन्मभर मला हे जितकं नीट सांगितलं नव्हतं, तितकं मी त्या बाईला घाईघाईत सांगितलं. मग तिनं पडवीतून दोन आंबोळ्या आणि चटणी आणून केळीच्या पानात बांधून दिली. बाहेरचं कुणाच्या हातचं खायचं नाही म्हणणारी मी! चटणीत लसूण नाही ना, एवढं विचारलं आणि घेतलं.

आता माझ्याजवळ काय होतं? अंगावरचे कपडे, बदलायचा एक जोड, गाळायचं फडकं, एक तांब्या, हवेचा पंप, पान्हा, पंक्चरची ट्यूब, गुळाचा खडा, लाडवांचा डबा रिकामा करून पिशवीत भरलेले चार लाडू आणि त्या आंबोळ्या. घाट सोपा झाला असं मात्र नाही. सामान गेलं म्हणून पाय काही नवे येत नाहीत. तीन ठिकाणी मी उतरून ढकललं. एका ठिकाणी तर सायकल आडवी टाकून रस्त्याच्या कडेला बसले, आणि तेवढ्यात उशिरा सुटलेली आठची एसटी खालून घरघरत वर आली. कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं. "बसतीस काय गं? सायकल टाकतो टपावर!"

"न्हाय!" मी इतक्या जोरात ओरडले, की गाडीतल्या बायका उठून बघायला लागल्या.

"ऱ्हायलं," तो म्हणाला, आणि गाडी गेली. तिच्या धुरात मी उठले. पुढची चार वळणं मी मनात दुसरं काही न आणता चढले. पुढचं वळण, मग त्याच्या पुढचं. मॅडम वर आंबा गावात थांबल्या होत्या. मी पोचले तेव्हा त्यांनी घड्याळाकडं बघितलं, माझ्या रिकाम्या कॅरिअरकडं बघितलं, आणि पायऱ्यांचं सगळं मी त्यांना तिथं उभ्या उभ्या सांगून टाकलं. वळकटी, शकूचं घर, सगळं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. सगळं सामान उचललं की कपाळाला आठी पडतेच, तुझ्या पडली नव्हती. तू नाटकातसुद्धा वाईट आहेस." मलकापूरला आम्ही पोचलो तेव्हा सूर्य डोंगराच्या हातभर वर होता. मी तांब्यावर फडकं धरून पाणी गाळलं, विहिरीच्या काठावर बसले आणि उजेडात आंबोळ्या खाल्ल्या. आजवर पुष्कळ पंगती जेवले. पण ते जेवण आठवलं की अजून पाठ सरळ होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरासमोर सायकल लावली. अण्णा दुकानातून बाहेर आले, सायकलला एक फेरी मारली, टायर दाबून बघितले. "सामान?"

"एसटीच्या टपावर नाही," मी म्हटलं.

"मग कुठं हाय?"

मी सांगितलं. चुलीपाशी बसलेल्या अव्वापर्यंत ते पोचायला एवढा वेळ लागला, की मला वाटलं जिना लांब झालाय. ती वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली. कळशीचं नाव निघालं तेव्हा तिनं पदर खोचला आणि आत गेली. तीन दिवस तिनं मला ताट वाढलं, पण माझ्याकडं बघितलं नाही. अण्णांनी फॉर्म कागदांखालून वर काढला आणि वरच ठेवला. "माझी अट झाली," ते म्हणाले. "पन तिची कळशी गेलीया. तिनं हो म्हटल्याबिगर मी सही करणार न्हाई." मी चरफडले. मला वाटलं अण्णा पळवाट काढतायत. आज वाटतं, त्या घरात एवढी न्यायाची गोष्ट दुसरी कुठली झाली नसेल.

चौथ्या दिवशी अव्वा भाकरी थापत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले. "अव्वा, कळशी मी विकली नाही, हरवली नाही. मला ती घेऊन घाट चढता आला नसता, आणि घाट चढल्याशिवाय मला पुण्याला जाता आलं नसतं. मी पुन्हा तिथं असते तर पुन्हा दिली असती." हे शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती, पण त्या मुलीला तोंड आवरायचं कुणी शिकवलं नव्हतं.

अव्वानं भाकरी तव्यावर टाकली. तिच्यावर पाणी फिरवलं. "त्या बाईला गाळायला शिकीवलंस?"

"शिकवलं. फडक्यावरचं विहिरीत परत सोडायचं ते पण."

"कुठं बसलीस का गाडीत?"

"नाही."

"रडलीस?"

"दोनदा."

अव्वानं भाकरी उलटली. कोपऱ्यात आक्का जपाची माळ ओढत होती, तिची बोटं थांबली होती. मग अव्वा हात न धुताच उठली, जिन्यात गेली आणि खाली दुकानात ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अवो, करा त्या कागदावर सही! न्हाईतर पुढच्या खेपेला ही कपाट न्हेऊन देईल कुणाला तरी!"

खाली हमाल हसले. अण्णांनी सही केली. मी फॉर्म त्यांच्या हातातून ओढला, शाई वाळायची वाट बघितली नाही, तो दातांत धरला, आणि अव्वाचं मन बदलायच्या आत सायकल काढून पोस्टाकडं सुटले.